भविष्यवाणीतले देवदूत: वाचताना या चुका टाळा

बुधवारच्या शास्त्राभ्यासात, म्हणजे बायबलच्या वर्गात, दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा नववा अध्याय काढला होता. आठला बसलो, सव्वानऊ झाले, तरी गाडी एकविसाव्या वचनापुढे सरकेना. संध्याकाळच्या अर्पणाच्या सुमारास गब्रीएल देवदूत वेगाने उडत आला, असं तिथे वाचायला मिळतं. झालं! उडत आला म्हणजे पंख असणारच, असं एका काकांचं म्हणणं. पंख असते तर दानीएलाने त्याला 'पुरुष' का म्हटलं असतं, हा एका ताईंचा सवाल. तिसऱ्याने मोबाईलवर चित्र काढून सगळ्यांपुढे फिरवलं: सोनेरी केस, पांढरेशुभ्र पंख, हातात कर्णा. शेवटी मागच्या खुर्चीवरच्या आजी म्हणाल्या, "अरे, तो आला कसा ते राहू द्या. सांगून काय गेला ते वाचा की."

चोविसावं वचन वाचायला घेतलं तेव्हा लोक चपला शोधायला लागले होते.

भविष्यवाणीच्या पुस्तकांत देवदूत आला की असंच होतं. निरोप पडतो बाजूला आणि निरोप्याचीच चर्चा रंगते. बरीच वर्षं हे वर्ग घेतोय, त्यामुळे लोक कुठे अडखळतात ते पाठ झालंय. त्यातल्या निम्म्या ठिकाणी मी स्वतः आधी आपटलेलो आहे. सगळ्या चुका सारख्या नाहीत. काही नुसत्या गमतीच्या आहेत, दोन-तीन मात्र पुस्तकाचा अर्थच फिरवून टाकतात.

वर्तमानपत्रातला 'देवदूत' शास्त्रात शोधणं

घाटात बस कलंडली, ट्रकवाल्याने प्रवाशांना बाहेर काढलं, की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: 'ट्रकचालक ठरला देवदूत'. पुरात बोट घेऊन आलेला जवान देवदूत, वेळेवर रक्त देणारा देवदूत. मराठीत हा अर्थ इतका रुळलाय की शास्त्र उघडलं तरी डोक्यात तोच बसलेला असतो. मूळ हिब्रू शब्द आहे 'मलाख' आणि ग्रीक 'आंगेलोस'. दोन्हींचा सरळ अर्थ निरोप घेऊन पाठवलेला. सुटका करणं हे त्याचं काम कधी असतं, कधी नसतं.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सदतिसावा अध्याय बघा. इसवी सनापूर्वी ७०१ च्या सुमाराचा प्रसंग. अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमेच्या उरावर येऊन बसलाय. यशया हिज्कीया राजाला निरोप पाठवतो की हा या नगरात पाऊल टाकणार नाही, एक बाणसुद्धा मारणार नाही. त्या रात्री परमेश्वराचा दूत निघतो आणि अश्शूरी छावणीत १,८५,००० माणसं मरून पडतात. यरुशलेमेच्या तटावर उभं राहून पाहिलं तर तो वर्तमानपत्रातला देवदूत. छावणीतून पाहिलं तर?

येशूच्या निदणाच्या (पिकात उगवलेल्या तणाच्या) दाखल्यात कापणी करणारे देवदूतच आहेत, आणि तेच निदण गोळा करून अग्नीत टाकतात. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात, दूताच्या हातात धारदार विळा आहे. म्हणूनच शास्त्रात देवदूत दिसला की माणसं आधी घाबरतात. दानीएल गब्रीएलाला पाहून पालथा पडतो आणि पुढे कित्येक दिवस आजारी राहतो. 'भिऊ नको' हे वाक्य दूतांना इतक्या वेळा बोलावं लागतं, ते काही उगाच नाही.

प्रत्येक दूत स्वर्गातूनच आला असं धरणं

मराठी शास्त्रात 'दूत', 'देवदूत', 'दिव्यदूत' असे वेगवेगळे शब्द येतात, पण त्यांच्यामागे बहुतेक ठिकाणी तो एकच शब्द असतो आणि तो माणसालाही लागतो. हाग्गय संदेष्ट्याला त्याच्याच पुस्तकात परमेश्वराचा दूत म्हटलंय. मलाखी या नावाचाच अर्थ 'माझा दूत'. त्याच्या तिसऱ्या अध्यायात मार्ग तयार करणारा दूत पाठवण्याचं वचन आहे, आणि शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लावतात. उंटाच्या केसांचा अंगरखा घालून टोळ खाणारा हाडामांसाचा माणूस!

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांतली सात पत्रं ज्यांच्या नावे आहेत ते सात मंडळ्यांचे (चर्चचे) 'दूत' कोण, यावर मात्र खरोखरच मतभेद आहेत. कोणी म्हणतं स्वर्गीय दूत, कोणी म्हणतं त्या मंडळीचे पाळक, कोणी म्हणतं पत्र पोचवणारी माणसं. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण उरलेल्या पुस्तकात हा शब्द साठेक वेळा येतो आणि जवळजवळ सगळीकडे तो स्वर्गीय दूतच असतो. पण यावर इमला उभारू नये. एका पाळकसाहेबांनी या सात दूतांवरून पाळकाला मंडळीने प्रश्न विचारायचा नसतो असा उपदेश केला होता. ती पत्रं वाचली तर दूतालाच सगळ्यात जास्त बोलणी खावी लागली आहेत हे दिसतं.

अडलात तर एक सोपा उपाय आहे. त्या वाक्यातला 'देवदूत' काढून तिथे 'निरोप्या' घाला आणि पुन्हा वाचा. अर्ध्या अडचणी तिथेच सुटतात.

पंख, गुबगुबीत बाळं आणि उडत्या तबकड्या

नाताळच्या नाटकात आमच्या संडे स्कूलची मुलं थर्माकोलचे पंख लावतात. एका वर्षी गब्रीएल झालेल्या मुलाचा डावा पंख मरीयेच्या घराच्या दारात अडकून तुटला. त्याने तो काखेत मारला आणि सगळं भाषण न चुकता म्हटलं. माझ्या मते शास्त्राला धरून झालेला तो सगळ्यात चांगला गब्रीएल.

कारण निरोप घेऊन येणाऱ्या दूतांना पंख असल्याचं वर्णन जवळपास नाहीच. सदोमात लोटाकडे आलेले दोघे सरळ प्रवासी वाटले. दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या त्या 'उडत'चंही तसंच. तिथला हिब्रू वाक्प्रयोग अवघड आहे. तो 'उडणे' या धातूकडे नेता येतो तसा 'थकणे' याकडेही, आणि काही भाषांतरांत थकव्याचाच अर्थ घेतलाय. म्हणजे आमचा सव्वा तास ज्या शब्दावर गेला, तो शब्दच पक्का नाही. प्रकटीकरण १४:६ मधला दूत मात्र आकाशाच्या मध्यभागी उडतो, हे काकांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

पंख आहेत ते सराफीम आणि करूब या देवाच्या सिंहासनापाशी दिसणाऱ्या स्वर्गीय प्राण्यांना. यशयाच्या सहाव्या अध्यायातल्या सराफिमांना सहा-सहा. दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय झाकलेले, उडायला उरले दोन. करूब म्हणजे शुभेच्छापत्रावरचं गालफुगं बाळ नव्हे. ती बाळं युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या चित्रकारांची देणगी. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या करुबाला चार तोंडं आहेत, माणसाचं, सिंहाचं, बैलाचं आणि गरुडाचं. चार पंख आहेत, पाय उजळ पितळेसारखे चकाकतात, आणि शेजारी चाकात चाक असावं तशी चाकं, ज्यांच्या धावा डोळ्यांनी भरलेल्या.

इथेच व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो व्हिडिओ येतो: यहेज्केलाने उडती तबकडी पाहिली! हा व्हिडिओ मला वर्षातून दोनदा तरी मिळतो, आणि पाठवणारे दरवेळी वेगळे असतात.

यहेज्केल कुठे बसलाय ते आधी बघा. खबार नदीच्या काठी, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) मुलखात, बंदिवानांमध्ये. यहूदाच्या यहोयाखीन राजाला धरून नेल्याचं पाचवं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी ५९३. हा याजकांच्या घरातला माणूस. पहिल्याच वचनात 'तिसाव्या वर्षी' असं येतं, ते बहुधा त्याच्या वयाचं असावं. गणना पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या सेवेचं वय तिसापासून धरलंय. ज्या वर्षी त्याने मंदिरात उभं राहायचं, त्या वर्षी तो परमुलखात एका नदीकाठी बसलाय आणि मंदिर शेकडो मैलांवर आहे. त्याच्या आणि त्याच्यासारख्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न: देव तर सियोनात, म्हणजे यरुशलेमेत, राहतो, मग आपण इथे कोणाचे?

करूब तर त्याच्या ओळखीचेच. कराराच्या कोशावर (दहा आज्ञांच्या पाट्यांच्या पेटीवर) पंख पसरलेले दोन करूब असायचे, आणि देव करुबांवर विराजमान आहे ही इस्राएलाची जुनी भाषा. मेसोपोटेमियात राजवाड्यांच्या दारांशी माणसाच्या तोंडाचे, पंखांचे प्रचंड बैल कोरलेले असत, तीही मांडणी त्या काळच्या माणसाला अनोळखी नव्हती. नवीन होती ती चाकं. सिंहासनाला चाकं आहेत. ते मंदिरात जखडलेलं नाही, ते बाबेललाही येऊ शकतं. दहाव्या अध्यायात हेच करूब पुन्हा दिसतात (खबार नदीपाशी पाहिलेले तेच हे, असं तो मुद्दाम सांगतो), आणि परमेश्वराचं तेज मंदिराच्या उंबऱ्यावरून पूर्वेच्या दरवाजाकडे सरकतं. अकराव्या अध्यायात ते नगराबाहेर पडून पूर्वेकडच्या डोंगरावर थांबतं. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये मंदिर जळालं तेव्हा ते आधीच रिकामं झालेलं होतं, असं यहेज्केल सांगतोय. त्रेचाळिसाव्या अध्यायात तेच तेज पूर्वेच्याच दरवाजाने परत येतं.

आता तबकडी घाला या गोष्टीत. कुठे बसते?

नावं, हुद्दे आणि गब्रीएलाचा कर्णा

ही थोडक्यात उरकतो. सगळ्याच मंडळ्यांना मान्य असलेल्या ग्रंथांत नावानिशी भेटणारे देवदूत दोनच, गब्रीएल आणि मीखाएल. रफाएल तोबितच्या पुस्तकात आहे. ते कॅथलिक शास्त्रात येतं, प्रॉटेस्टंट शास्त्रात नाही. त्यामुळे वसईचे किंवा गोव्याचे लोक तीन नावं घेतात आणि नगरकडचे दोन, यात कोणाचं चुकत नाही. कॅथलिक मंडळीत या तिघांचा सण २९ सप्टेंबरला असतो. माहीमच्या ज्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात, ते सेंट मायकलचं, म्हणजे याच मीखाएलाच्या नावाचं.

'आद्यदेवदूत' हा शब्द नव्या करारात दोनदाच येतो, थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आणि यहूदाच्या पत्रात. नाव जोडलंय ते फक्त मीखाएलाला. गब्रीएलाला तो हुद्दा परंपरेने दिला, शास्त्राने नाही. आणि त्याचा कर्णा? शास्त्रात कुठेच नाही. प्रकटीकरणात सात कर्णे वाजवणारे सात दूत बिननावाचे आहेत. थेस्सलनीकाच्या पत्रात आद्यदेवदूताची वाणी आहे आणि कर्णा देवाचा आहे. तरी चित्रात तो गब्रीएलाच्याच हातात असतो, आणि आता काढून घेणं कठीण.

यशया १४ उघडून सैतानाचं चरित्र वाचणं

'लुसिफर नावाचा सुंदर देवदूत होता, तो स्वर्गातल्या गायकवृंदाचा प्रमुख होता, गर्वाने पडला.' लहानपणी मी हे इतक्यांदा ऐकलं की शास्त्रात हे शब्दशः असणार अशी माझी खात्री होती. एकदा शोधायला बसलो आणि मिळेना.

यशयाच्या चौदाव्या अध्यायात चौथ्या वचनात स्पष्ट लिहिलंय की हे बाबेलच्या राजावरचं कवन आहे. टोमणेवजा विलापगीत. बाराव्या वचनात त्या राजाला हिब्रूत 'हेलेल, बेन शाहार' म्हटलंय, म्हणजे चमकणारा, पहाटेचा पुत्र. पहाटे सगळ्यांत तेजस्वी दिसणारा शुक्रतारा, जो सूर्य वर आला की दिसेनासा होतो. राजाची खिल्ली उडवायला याहून नेमकी उपमा कुठली? जेरोम या धर्मपंडिताने बायबलचं लॅटिन भाषांतर केलं तेव्हा शुक्रासाठीचा लॅटिन शब्द वापरला, 'लुसिफर'. तेव्हा ते कोणाचं नाव नव्हतं. त्याच लॅटिन शास्त्रात पेत्राच्या दुसऱ्या पत्रात अंतःकरणात उगवणारा पहाटतारा म्हणूनही हाच शब्द आहे. आणि प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात तेजस्वी पहाटतारा कोण? येशू स्वतः.

गायकवृंदाची गोष्ट यहेज्केलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायावरून ओढलेली. तिथे सोर नगराच्या राजाला एदेनातल्या करुबाची भाषा लावलीय. जुन्या काळापासून अनेक ख्रिस्ती शिक्षकांनी या दोन्ही उताऱ्यांमागे सैतानाचं पतन पाहिलं, ते मला ठाऊक आहे, आणि तसं वाचणाऱ्याशी मी भांडत नाही. पण आधी राजा वाचा. नाहीतर काय होतं, की संदेष्टा बोलतो सत्तेच्या माजाबद्दल आणि आपण ऐकतो स्वर्गातल्या एका जुन्या भानगडीबद्दल. राजे सुटतात.

दानीएल १० वर थांबून नकाशे काढणं

आता नुकसान करणारी चूक. दहाव्या अध्यायात दानीएल तीन आठवडे शोक करतोय. चांगलंचुंगलं अन्न नाही, मांस नाही, द्राक्षारस नाही, अंगाला तेल नाही. पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजाचं तिसरं वर्ष. बंदिवानांतले काही यरुशलेमेला परतलेत, पण एज्राचं पुस्तक सांगतं की मंदिराचं काम विरोधामुळे रखडलंय. पहिल्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, हिद्दकेल म्हणजे टायग्रिस नदीच्या काठी, तागाची वस्त्रं घातलेला पुरुष दिसतो. तो म्हणतो, तू पहिल्या दिवशी प्रार्थनेला बसलास तेव्हाच तुझं ऐकलं गेलं, पण पारसाच्या राज्याच्या अधिपतीने मला एकवीस दिवस अडवलं, मग मीखाएल मदतीला आला.

एवढ्यावर भिंतभर तक्ते तयार होतात. कुठल्या देशावर कुठला दुष्ट अधिपती, कुठल्या जिल्ह्यावर कुठला, कुठल्या पेठेवर कुठला. मग उपास मांडून, नाव घेऊन, त्याला बांधायच्या प्रार्थना. मी असल्या एका रात्रीच्या प्रार्थनासभेत बसलोय. पहाटे तीनपर्यंत आम्ही शहराच्या चार दिशांना चार अधिपती बांधले. शेजारच्या चाळीत पाणी येत नव्हतं, त्यासाठी कोणी प्रार्थना केली नाही.

अध्यायात प्रत्यक्ष आहे ते असं. विरोधातल्या दोनच अधिपतींचा उल्लेख आहे, पारसाचा आणि पुढे येणाऱ्या ग्रीसाचा. त्यांच्या पलीकडची यादी नाही. दानीएलाला ही झुंज चाललीय हे माहीतच नव्हतं. त्याला झुंजायला सांगितलंही नाही. तो उपास करत होता आपल्या लोकांसाठी, आणि त्याला कळलं ते एकवीस दिवस उलटून गेल्यावर. बोलणारा तो पुरुष गब्रीएलच होता असंही तिथे लिहिलेलं नाही. आपण आठव्या-नवव्या अध्यायावरून तसं धरून चालतो.

आणि मुख्य गोष्ट. दहावा अध्याय ही प्रस्तावना आहे. तो दूत आलाय अकरावा अध्याय सांगायला! पारसाचे राजे, ग्रीसाचा पराक्रमी राजा, त्याचं राज्य चार दिशांना फाटणं, मग उत्तरेचा राजा आणि दक्षिणेचा राजा यांच्या लढाया, सोयरिकी, दगाबाजी. इतिहासात यांना सेल्युकस आणि टॉलेमी घराणी म्हणतात. शेवटी पवित्रस्थान भ्रष्ट करणारा राजा येतो, ज्यात अंतियोख चौथा एपिफानेस आणि इसवी सनापूर्वी १६७ मधला त्याचा अत्याचार सहज ओळखू येतो. पंचेचाळीस वचनं, सगळी राजकारणाची. इतका झगडून आणलेला निरोप, आणि अकराव्या अध्यायावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. पाकीट कसं आलं यावर ग्रंथ, पत्र मात्र न फोडलेलं.

दूताने सोडलेला आकडा आपण धरणं

दानीएलाच्या आठव्या अध्यायात मेंढा आणि बकरा दिसतात. दानीएल गोंधळतो. तेव्हा 'गब्रीएला, याला हा दृष्टान्त समजावून सांग' असा आवाज येतो, आणि गब्रीएल समजावतो. मेंढा म्हणजे मेदी आणि पारस यांचे राजे, बकरा म्हणजे ग्रीसाचा राजा. नावं घेऊन, स्वच्छ. त्याच दृष्टान्तात २,३०० संध्याकाळ-सकाळ असा एक आकडा आहे. तो दोन पवित्र जनांच्या बोलण्यातून दानीएलाच्या कानावर पडतो. त्या आकड्याबद्दल गब्रीएल काय सांगतो? ते खरं आहे, पण झाकून ठेव, फार दिवसांनंतरचं आहे. बस्स. अध्याय संपतो तो दानीएलालाच ते समजलं नाही असं सांगून.

दूताने उलगडलं ते मेंढा-बकरा, ते कोणी वाचत नाही. त्याने झाकायला सांगितला तो आकडा, त्यावर मात्र गणितं. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी-उपदेशक होता. त्याने दिवस म्हणजे वर्ष धरून इसवी सनापूर्वी ४५७ पासून २,३०० मोजले आणि १८४३ च्या आसपास ख्रिस्त परत येणार असं काढलं. मध्ये शून्य वर्ष नसतं हे लक्षात आल्यावर हिशेब पुढे सरकला, आणि चळवळीतल्या लोकांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. हजारो लोक वाट पाहत राहिले. कित्येकांनी शेतातलं उभं पीक काढलं नव्हतं. तेवीस तारीख उजाडली. इतिहासात त्या दिवसाला 'महानिराशा' म्हणतात. मिलर लबाड नव्हता, मनाने सरळ माणूस होता. नंतर त्याने चूक कबूलही केली.

तुमच्या हातात अशी तारीख कोणी ठेवली, मग ती दानीएलावरून असो की कर्ण्यांवरून, तर मार्काचा तेरावा अध्याय, बत्तिसावं वचन काढून दाखवा. त्या दिवसाविषयी स्वर्गातल्या देवदूतांनाही ठाऊक नाही, असं येशू म्हणतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर या गोष्टी न्याहाळून पाहायची देवदूतांनाच उत्कंठा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्या बोलण्यातून आपण तारीख काढायची, हे कसं जमायचं?

दूत कुठलं जुनं वचन बोलतोय, ते न शोधणं

हा उपाय मला फार उशिरा सापडला, म्हणून अगत्याने सांगतो. देवदूत सहसा कोरं करकरीत काही बोलत नाहीत. लूकाच्या पहिल्या अध्यायात गब्रीएल जखऱ्या याजकाला सांगतो की तुझा मुलगा एलीयाच्या सामर्थ्याने चालेल, बापांची अंतःकरणं मुलांकडे वळवील. हे कुठून आलं? मलाखीच्या शेवटच्या दोन वचनांतून. प्रॉटेस्टंट शास्त्रात जुना करार जिथे संपतो, ते वाक्य उचलून गब्रीएल बोलायला सुरुवात करतो. पुढे मरीयेला तो दाविदाचं राजासन आणि कधी न संपणारं राज्य सांगतो, ते नाथान संदेष्ट्याने दाविदाला दिलेलं वचन, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातलं.

प्रकटीकरणात तर याशिवाय वाचताच येत नाही. सातव्या अध्यायात एक दूत देवाच्या दासांच्या कपाळावर शिक्का मारेपर्यंत बाकीच्या चौघांना वारे अडवून धरायला लावतो. शिक्का म्हणजे काय, यावर हल्ली मायक्रोचिपपासून आधारकार्डापर्यंत सगळं सांगून झालंय. यहेज्केलाचा नववा अध्याय उघडा. तागाची वस्त्रं घातलेला, कमरेला दौत लावलेला एक पुरुष यरुशलेमेतून फिरतोय, आणि नगरातल्या अमंगळ कृत्यांबद्दल जे उसासे टाकतात त्यांच्या कपाळावर खूण करतोय. मागून सहा जण हत्यारं घेऊन येताहेत, खूण असलेल्याला हात लावायचा नाही. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या वाचकांना हा दौतवाला ओळखीचा होता. आपल्याला नाही, म्हणून आपण चिपा शोधतो.

पाया पडणं

खुद्द योहानाकडून ही चूक झाली, तीही दोनदा. प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो दूताच्या पाया पडतो, दूत म्हणतो असं करू नको, मी तुझ्या सोबतीचा दास आहे, नमन देवाला कर. बाविसाव्या अध्यायात योहान पुन्हा पडतो आणि पुन्हा तेच ऐकतो. इतकं सगळं पाहिलेला म्हातारा माणूस, आणि तरी. हे त्याने लपवलं नाही, दोन्ही वेळा लिहून ठेवलं, याबद्दल मला त्याचं फार कौतुक वाटतं.

त्याच्या उलट जखऱ्या संदेष्टा. चौथ्या अध्यायात त्याला सोन्याचा दीपवृक्ष आणि दोन जैतुनाची झाडं दिसतात. हे काय आहे, असं तो विचारतो. दूत उलट विचारतो, हे तुला समजत नाही? जखऱ्या म्हणतो, नाही, स्वामी. पुढे झाडांबद्दल हीच प्रश्नोत्तरं आणखी एकदा होतात. दूत पुन्हा विचारतो, हेही समजत नाही? पुन्हा, नाही, स्वामी. आमच्या वर्गात 'नाही' म्हणणारी माणसं कमीच. आजी म्हणतात कधीकधी.

पुढच्या बुधवारी त्यांनीच सुरुवात करून दिली. नववा अध्याय, एकविसावं वचन पुन्हा वाचलं, पण या वेळी बोट 'संध्याकाळच्या अर्पणाच्या सुमारास' या शब्दांवर ठेवलं. मंदिर जळून कित्येक वर्षं झाली होती, संध्याकाळचं अर्पण होत नव्हतं, यरुशलेम कुठल्या कुठे. तरी हा परमुलखातला म्हातारा वेळ सांगतो ती त्या अर्पणाची. "सासर सुटून तीस वर्षं झाली," आजी म्हणाल्या, "पण अजून माझी दुपार गावच्या देवळातल्या घंटेवरच होते बघा." मग आम्ही चोविसाव्या वचनाला लागलो. यरुशलेम सत्तर वर्षं ओसाड राहील हे यिर्मया संदेष्ट्याचं वचन वाचून दानीएल प्रार्थनेला बसला होता, आणि गब्रीएल घेऊन आला सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सातांचे सत्तर गट. साडेनऊ झाले तेव्हा पहिल्या सातपर्यंत पोचलो होतो.